काळ्या पाषाणाच्या पोटात

मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की भोसे गावाच्या परिसरात दंडोबाचा डोंगर नजरेत भरतो. हा मिरज तालुक्याचा पूर्व भाग. आता म्हैसाळ योजनेचं पाणी आलंय, द्राक्षबागा उभ्या राहिल्यात, पण डोंगर अजून पावसाच्याच भरवशावर आहे. एप्रिलमध्ये त्याची कुसळी वाळून पिवळी पडते, खडक तापून पाय ठेवू देत नाही. अशा वेळी वर चढून दंडोबाच्या देवळात शिरलं की दोन पावलांत ऋतू बदलतो. अंगावरचा घाम गार पडतो, डोळ्यांना काही दिसेनासं होतं आणि हात आपोआप भिंतीकडे जातो. पण ती भिंत म्हणजे रचलेली भिंत नाहीच. ना चिऱ्यावर चिरा, ना मधला चुना. तो डोंगरच आहे. गाभारा डोंगरात आहे, गाभाऱ्याभोवतीची काळोखी प्रदक्षिणेची वाट डोंगरात आहे, आणि डोक्यावर छत म्हणून जे काही आहे तोही डोंगरच.

खडकाच्या कुशीत देवाचं घर करावं, ही ओढ जगभर दिसते. अमेरिकेतल्या ॲरिझोनात सेडोना गावाजवळ लाल वालुकाश्माच्या दोन सुळक्यांच्या मध्ये १९५६ साली ‘होली क्रॉस’ नावाचं छोटं चॅपल पुरं झालं. ती काँक्रीटची उभी चौकट बघायला आजही लोक लांबून जातात. पण तिथे माणसाने खडकाच्या मधोमध काहीतरी आणून ठेवलं. आपल्या सातारा-सांगलीच्या डोंगरांत माणसाने काहीच आणलं नाही, फक्त जे होतं त्यातलं नको ते काढून टाकलं. देऊळ आधीपासून डोंगरात होतं आणि पाथरवटाने त्याच्याभोवतीचा दगड बाजूला केला, असं म्हणायचा मोह होतो. मला मात्र त्यापेक्षा मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच: हा दगड बाजूला करण्याआधी कुणीतरी डोंगर नीट पारखला होता. कुठे खोदायचं, कुठे हातही लावायचा नाही, पाणी कुठून येईल, छत कुठे टिकेल, हे सगळं टाकीचा पहिला घाव घालण्याआधी ठरवावं लागतं. नंतर दुरुस्तीला वाव नसतो.

आधी तो डोंगर आला कुठून ते बघू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपण्याच्या त्याच सुमाराला, या भागात जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एका शिखरातून उसळलेला ज्वालामुखी डोळ्यासमोर आणू नका. लांबच लांब भेगांतून पातळ, वाहता लाव्हा पसरत गेला, थिजला, मग कधी काही वर्षांनी, कधी हजारो वर्षांनी, त्याच्यावर दुसरा थर आला. असे थरावर थर. आज जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटरवर हा खडक पसरलेला आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. पावसाळ्यानंतर पसरणी घाटातून किंवा कुंभार्लीच्या बाजूने डोंगराकडे पाहा. कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात, मध्ये गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. तो प्रत्येक कडा म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा घट्ट भाग आणि प्रत्येक उतार म्हणजे ठिसूळ भाग, जो झिजून मातीने झाकला गेलाय.

एकेका थराच्या आतही फरक असतो. लाव्हा थिजताना त्यातली वाफ आणि वायू वर येतात, त्यामुळे थराचा वरचा भाग सच्छिद्र, बुडबुड्यांनी भरलेला राहतो. कालांतराने त्या पोकळ्यांत पांढरी, हिरवट खनिजं भरतात. विहिरी खणणारे लोक याला मांजऱ्या म्हणतात, आणि तो पहारीला दाद देतो. थराचा मधला भाग मात्र सावकाश गार झालेला, एकजीव, घट्ट: हाच काळा पाषाण. त्याला सुरुंगच लागतो. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीची पट्टी असते. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात जुन्या थराच्या पाठीवर जी झीज झाली, माती तयार झाली, ती पुढच्या लाव्ह्याखाली दबली आणि भाजली. ही लाल पट्टी पाण्याला सहजासहजी खाली जाऊ देत नाही. वरून झिरपत आलेलं पाणी तिच्यावर अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या कडेने बाहेर पडतं. उन्हाळ्यातही डोंगराच्या मधोमध एखादं हिरवं झुडूप एकटंच ताजं दिसतं ना, बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी असा झिरपा असतो.

आता लेणं खोदायला निघालेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. छत घट्ट दगडाचं हवं, नाहीतर कोसळेल. पण सगळाच दगड फार घट्ट असेल तर आयुष्य जाईल. उभ्या भेगा नकोत, कारण लाव्हा आकसताना पडलेल्या या भेगांतून पावसाळ्यात पाणी गळतं आणि दगडाचे धोंडे सुटे होतात. पाणी जवळ हवं, पण डोक्यावर नको. ज्या डोंगरात हे सगळं जुळून येतं तिथेच लेणी आहेत. शेजारच्या तितक्याच उंच, तितक्याच देखण्या डोंगरात एकही नाही. भूगर्भशास्त्र हा शब्दही नसताना ही निवड झाली आहे.

त्या निवडीचा सर्वात मोठा दाखला आपल्या भागात कराडजवळ आहे. कृष्णा-कोयनेच्या संगमापासून जवळच, जखिणवाडीच्या वरचा आगाशिवाचा डोंगर. इथे साठाहून अधिक लहानमोठी बौद्ध लेणी आहेत आणि ती साधारण दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झाली. अजिंठ्याची चित्रं, कार्ल्याचं भव्य सभागृह मनात ठेवून गेलं तर पहिल्यांदा रिकामं रिकामं वाटेल. इथे खांबांच्या रांगा नाहीत, शिल्पं अगदी मोजकी. चौकोनी खोल्या, भिक्षूंना निजायला दगडातच ठेवलेले ओटे, मधूनच एखादा चैत्य आणि त्यात स्तूप. एका चैत्याच्या दाराशी दोन्ही बाजूंना खांब कोरलेत, एकाच्या माथ्यावर चक्र, दुसऱ्याच्या माथ्यावर सिंह. एवढंच काय ते अलंकरण. पण हा साधेपणा मला अपुरा वाटत नाही. वर्षावासाच्या तीन महिन्यांत एरवी गावोगाव फिरणाऱ्या भिक्षूला जे लागतं तेवढं इथे आहे, कोरडी जागा, पाठ टेकायला ओटा, नमस्काराला स्तूप.

एका खोलीत बसून सोपा हिशोब करता येतो. तीस फूट लांब, तीस फूट रुंद आणि आठ फूट उंच असा विहार धरा. म्हणजे सात हजार दोनशे घनफूट, सुमारे दोनशे घनमीटर. बेसॉल्टचं वजन घनमीटरला पावणेतीन-तीन टन. याचा अर्थ या एका खोलीतून साडेपाचशे टनांहून जास्त दगड बाहेर गेला. आजच्या दहा टनी डंपरच्या पंचावन्न-साठ खेपा. आणि तो सगळा छिन्नी-हातोड्याने सुटा करून, पाट्यांनी वाहून, उतारावर टाकलेला.

काम होई ते वरून खाली. हे समजलं की लेण्याकडे बघायची नजरच बदलते. अजिंठ्याच्या अर्धवट राहिलेल्या लेण्यांत, विशेषतः चोविसाव्या क्रमांकाच्या लेण्यात, ही पद्धत उघडी पडलेली दिसते. आधी वरच्या बाजूला आत शिरायचं आणि छत पुरं करायचं. मग त्याच्याखालचा दगड उतरवत यायचा. खोल चर मारायचे, चरांच्या मधले उंचवटे फोडून काढायचे, पुन्हा चर. अशाने परांची बांधावी लागत नाही, कारण पायाखालचा दगडच परांची. छत आधी पुरं, जमीन शेवटी. घर बांधताना आपण जे करतो त्याच्या नेमकं उलट. आणि या उलट्या क्रमात स्तूप कुठे राहील, ओटा किती रुंद असेल, दार कुठे येईल, हे वरून खाली येतानाच ठरलेलं असावं लागतं, कारण जो दगड ठेवायचाय त्याला कुणी धक्का लावायचा नाही. अनेक लेण्यांत स्तूपावरची छत्री छताला कोरलेली असते. म्हणजे स्तूपाचा माथा कुठे येणार हे छत कोरणाऱ्याला ठाऊक होतं, स्तूप अजून अखंड दगडात दडलेला असताना.

भिंतीवर तिरप्या उजेडात, सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात. बोट फिरवलं की लागतात. या टाकीच्या खुणा. एका माणसाच्या हाताच्या टप्प्यापर्यंत त्या एका वळणाच्या असतात, मग वळण बदलतं: तिथे पाथरवट सरकला किंवा दुसरा आला. दोन हजार वर्षांत त्याचं नाव कुठे उरलं नाही, पण तो उजव्या हाताने हातोडा मारत होता की डाव्या, याचा अंदाज बांधता येतो.

आणि छिन्नी बोथट होते. बेसॉल्टवर तर फारच लवकर. म्हणजे पाथरवटाच्या जवळपास लोहाराचा भाता असणारच, दिवसभर छिन्न्यांना पाणी देणारा. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत एक शिलालेख आहे. तिथलं एक लेणं महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दान दिलंय आणि तो स्वतःचं गाव सांगतो करहाकड. म्हणजे कराड. कराडच्या लोहवाण्याने घाट उतरून समुद्राजवळच्या डोंगरात लेणं कोरून घेतलं. ज्या धातूच्या व्यापारावर त्याने पैसा मिळवला, त्याच धातूने ते लेणं खोदलं गेलं. त्याहून लांबची गोष्ट म्हणजे मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर करहकट या नगराने दिलेल्या दानाचा लेख आहे. एका माणसाने नव्हे, नगराने. त्या काळी कराडच्या पेठेत वर्गणी जमली असणार आणि ती शेकडो कोस लांब पोचली. आगाशिवावर मात्र गोपाळाचा मुलगा संघमित्र याने लेणं दान दिल्याचा छोटासा लेख आहे. बापाचं नाव, मुलाचं नाव, दान. शंभर ओळींचा ताम्रपटही इतका जवळचा वाटत नाही.

पुन्हा दंडोबाच्या गारव्याकडे येतो, कारण त्यामागचं कारण फार सुंदर आहे. ऊन खडकाला तापवतं, पण उष्णता खडकात हळूहळू शिरते. दिवसभराचा ताप दीड फूट खोल जाईपर्यंत रात्र होते, वरचा दगड गार पडतो आणि ती लाट जवळजवळ विरून जाते. म्हणून दीड-दोन फूट जाडीच्या दगडामागे दिवस-रात्रीचा फरक कळतच नाही. ऋतूंची लाट मात्र खोलवर जाते, पण तीही सावकाश. दहा फूट आत पोचायला तिला सुमारे दोन महिने लागतात. एप्रिल-मेचं ऊन दगडाच्या एवढ्या खोलीवर जून-जुलैत पोचतं, बाहेर पाऊस लागल्यावर. तोवर त्याची धगही पुष्कळ कमी झालेली असते. तीस फुटांपलीकडे तर वर्षभर जवळपास एकच तापमान, त्या भागाच्या वार्षिक सरासरीइतकं. मिरज-सांगलीकडे ते पंचवीस-सव्वीस अंशांच्या आगेमागे पडतं. दारातून हवा खेळते म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण बाहेर चाळीस अंश असताना आत शिरणाऱ्याला जो सुखद धक्का बसतो तो यामुळे. हाच दगड थंडीत उबदार लागतो.

या भागाचं कोरडेपणही ध्यानात घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आत म्हसवड आणि आटपाडी, तिथे तो पाचशेच्या आगेमागे. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर चढताना गार होतात, तिथेच रिते होतात आणि पलीकडे उतरताना उरलीसुरली हवा कोरडी, गरम होत जाते. एकाच सातारा जिल्ह्यात ढगात बुडालेलं गाव आणि टँकरची वाट बघणारं गाव. अशा मुलुखात डोंगराच्या पोटातली गार पोकळी आणि तिच्या शेजारचा पाझर यांना देवपण यावं यात मला काही नवल वाटत नाही. पलूस तालुक्यात कुंडलच्या डोंगरावर जैनांची प्राचीन क्षेत्रं आहेत, त्यात झरी पार्श्वनाथ हे एक. खडकातून झिरपणारं पाणी हीच त्या जागेची ओळख. तीर्थंकराच्या नावाआधी पाण्याचं नाव लागलंय.

साताऱ्याच्या आग्नेयेला, देगावच्या वरच्या डोंगरात पाटेश्वर आहे. तिथली पुष्करणी, तिच्यातली कमळं, दाट सावली, आणि मग एकामागून एक शिवलिंगं. नुसती शिवलिंगं म्हणून भागत नाही. एका पीठावर अनेक, लिंगावर लहान लिंगं, ओळीने कोरलेली, कोनाड्यात, ओसरीत, खडकात खोदलेल्या गुहांमध्ये. वऱ्हाडघर, बलिभद्र अशी त्या गुहांची नावं. काही भाग खोदलेला, काही बांधलेला. देगावचे सावकार परशुराम नारायण अनगळ यांचं नाव अठराव्या शतकातल्या या बांधकामाशी जोडलेलं आहे. माहुलीची रामेश्वराची वास्तूही त्यांचीच. पाटेश्वरला मी सर्वात जास्त वेळ रेंगाळतो ते अग्निवृषाच्या मूर्तीपाशी. ऋग्वेदात एका बैलाचं वर्णन येतं, चार शिंगं, तीन पाय, दोन मस्तकं, सात हात. परंपरेने त्याचा अर्थ अग्नी, यज्ञ, अगदी शब्दब्रह्म असाही लावला. भाष्यकारांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. इथे एका शिल्पकाराने ते वर्णन जसंच्या तसं धरून दगडात उभं केलंय. कूट सोडवायच्या फंदात न पडता त्याला देह दिला. अशी मूर्ती फार क्वचित बघायला मिळते.

आणि हे देव एकमेकांच्या घरात राहायला आले, ही आपल्या लेण्यांची मला सर्वात आवडणारी गोष्ट. वाईजवळ लोहारे गावी पालपेश्वराची लेणी आहेत. मुळात बौद्ध विहार, आत स्तूप. काळाच्या ओघात स्तूपाचा वरचा भाग गेला, खालचा गोल घुमट उरला, आणि आता त्याला लोक महादेव म्हणून बेल वाहतात. आगाशिवावर तर स्तूपाच्या पुढच्या अंगावर विठ्ठल कोरलेला आहे. ज्या दगडाला एके काळी भिक्षूंनी प्रदक्षिणा घातली त्याच दगडातून कमरेवर हात ठेवून विठोबा पुढे आला. डोंगराचं आजचं नावही माथ्यावरच्या महादेवाचं. अभ्यासकाच्या नजरेने बघितलं तर मूळ स्तूपाचं नुकसान झालं, आणि ती हळहळ खरीच आहे. पण तो स्तूप फोडून त्याचा दगड कुणी जोत्याला नेला नाही, खोलीत गुरं बांधून लोक तिला विसरून गेले असंही झालं नाही, त्याचं कारणही तिथे कुणीतरी दिवा लावत राहिलं हेच आहे. रचलेलं देऊळ पडलं की त्याचे चिरे गावच्या बारवेला, पाराला लागतात. खोदलेल्या देवळाचे चिरेच नसतात. ते नेता येत नाही, पाडताही येत नाही. फार तर त्यात नवा रहिवासी येतो.

इंग्रज अधिकारी सर बार्टल फ्रिअर साताऱ्याला असताना, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, त्यांनी कराडच्या लेण्यांवर टिपण लिहिलं. पुढे जेम्स बर्जेस यांनी त्यांची मापं आणि वर्णनं नोंदली. ती मापं आजही जुळवून बघता येतात, आणि कुठे कडा ढासळलाय, कुठला खांब तुटलाय हे कळतं. ज्यांना हा नाद लागेल त्यांनी हे जरूर करावं. सोबत फूटपट्टी, विजेरी आणि पाण्याची बाटली हवी. खडू, कोळसा किंवा रंग काहीही नको. भिंतींवर नावं कोरणाऱ्यांनी आधीच पुरेसा घोळ घातलाय, आणि संघमित्राच्या दोन हजार वर्षांच्या अक्षरांशेजारी बदाम पाहिला की पोटात खड्डा पडतो.

खडक पारखायची ती जुनी नजर मला पूर्वेकडच्या एका गावात भेटली. तिथे विहीर खणायचं काम चाललं होतं. काठावर बसलेल्या वयस्कर वडार मुकादमाला मी विचारलं, “अण्णा, पाणी कधी लागेल?”

“पाणी इचारू नगा,” ते म्हणाले, “खडक कुठला लागतोय ते बघा. ह्यो काळा संपला की तांबडी पट्टी येईल. तिच्या डोक्यावर पाणी बसल्यालं आसतंय.”

विहिरीच्या भिंतीवर वरून खाली मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण असे थर स्वच्छ दिसत होते. काही दिवसांनी तांबडी पट्टी लागली, आणि तिच्या वरच्या सांध्यातून पाणी पाझरायला लागलं.